टोकियोला गेलेली विळी

शेवटचा स्क्रू काही केल्या सुटेना. नाफडे ओट्यावर जवळजवळ आडवे झाले, स्क्रूच्या डोक्यावर त्यांनी थेंबभर तेल सोडलं आणि पेचकस बसवून हळूच नेट लावला. कर्र करून स्क्रू फिरला. इतकी वर्षं ओट्याला चिकटून बसलेली विळी एकदाची हलली आणि तिच्याखालून कडप्प्याचा एक चौकोन उघडा पडला, बाकीच्या ओट्यापेक्षा काळा.

"निघाली," ते म्हणाले. "आता जपान."

श्रद्धा दारात खोकं घेऊन उभी होती. नाफड्यांचा मुलगा खराडीच्या कंपनीत लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला, तेव्हापासून त्याची खोली रिकामी होती. सदाशिव पेठेत रिकामी खोली म्हणजे विद्यार्थी आलाच. ही अकोल्याची, डिझाइनच्या कॉलेजातली. टोकियोत दर वर्षी मोठं आंतरराष्ट्रीय डिझाइन प्रदर्शन भरतं, त्यात विद्यार्थ्यांचा एक विभाग असतो, आणि यंदा तिचं काम तिथे निवडलं गेलं होतं. कामाचा विषय स्वयंपाकघर. सोबत काकांची विळी न्यायची आहे, असं तिने विचारलं तेव्हा नाफड्यांनी चष्मा काढून उगाच पुसला होता.

आताही ते फडक्याने पातं पुसायला लागले.

"काका, तशीच द्या ना. पुसू नका."

"अगं, तेल लागलंय सगळीकडे. लोक काय म्हणतील?"

"वापरलेली वस्तू वापरलेली दिसायला हवी."

"वापरलेलीच आहे. रोज दोन्ही वेळा वापरलीय. विचार तुझ्या काकूला."

श्रद्धाने काकूला काही विचारलं नाही. मंदाकिनीबाई टेबलाशी बसून डाव्या हाताने मेथी निवडत होत्या. त्यांनीही मान वर केली नाही.

दुपारी श्रद्धा कॉलेजला गेल्यावर नाफड्यांनी खोकं उघडलं, पातं बारीक पॉलिश कागदाने घासून लखलखीत केलं, आणि मंदाकिनीबाईंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून परत होतं तसं ठेवून दिलं. पोर लहान आहे, तिला कळत नाही. परक्या देशात जाताना माणूससुद्धा दाढी करून जातो.

घरात सगळे तिला विळी म्हणत, पण ती विळीसारखी दिसत नसे. खाली सागाचा पाट, पाटावर भाजी घट्ट धरून ठेवणारे बोथट खिळे, आणि वर एका टोकाला अडकवलेलं लांब पातं. पात्याचा दांडा एका हाताने खाली दाबला की चीर पडायची. दुसऱ्या हाताची गरजच नाही. मंदाकिनीबाईंना पक्षाघाताचा झटका आला त्याच्या आदल्या वर्षी नाफड्यांचा कारखाना सुटला होता. पिंपरीच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात उभं आयुष्य गेलं, आणि मग कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. साहेबांनी गोड बोलून स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. तो स्वेच्छेने घेणाऱ्यांत नाफडेही होते. बायकोचा पाय हळूहळू सुधारला, वाचाही आली, पण उजवा हात मुठीत मिटला तो मिटलाच. "साधी काकडी चिरता येत नाही हो," असं त्या एकदा म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. दुसऱ्या दिवशी नाफड्यांनी गॅलरीत लोखंड धरून ठेवायचा व्हाइस ठोकला.

काम त्यांनी टूलरूमच्या शिस्तीने केलं. नुसत्या अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. उजवा हात धोतराच्या पट्टीने कमरेशी बांधून घ्यायचा आणि डाव्या हाताने स्वतः भाजी चिरून पाहायची, असं कित्येक आठवडे चाललं. दुधी, गाजर, सुरण, काही सोडलं नाही. दांड्याची मूठ त्यांनी चार वेळा बदलली. पाचवी पंजात अशी बसली, की जणू हातातूनच उगवली. मग त्यांनी मंदाकिनीबाईंना ओट्याशी उभं केलं आणि विचारलं, "जमतंय ना?"

"छान झालीय," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून या घरात येणाऱ्या प्रत्येकाला काकडी खावी लागे. पाहुणा टेकला की नाफडे चहाआधी म्हणत, "अगं, यांना जरा दाखव." मंदाकिनीबाई उठत, विळीवर एक काकडी चिरत, आणि नाफडे बाजूला उभे राहून पात्याचा कोन समजावून सांगत. मग मीठ-तिखट लावलेली बशी बाहेर येई. शेजारच्या बिवलकरांनी याला 'काकडीचा प्रयोग' असं नाव दिलं होतं. "आज प्रयोग आहे का हो? नाहीतर घरून जेवून येतो," असं ते दारातूनच विचारत. नाफड्यांना त्याचा राग येत नसे. रोज जेवताना भेंडीचे, दुधीचे एकसारखे काप ताटात पाहून ते मनाशी म्हणत, पातं अजून बरोबर लागतंय.

विळी गेली आणि स्वयंपाकघर एकदम मोठं दिसायला लागलं. मंदाकिनीबाईंनी त्या काळ्या चौकोनावर तुळशीचं छोटं रोप आणून ठेवलं.

"हे कुठे ठेवलंस? तिथे दुसरी बसवायचीय," नाफडे म्हणाले.

"घाई काय आहे? ती येईलच ना परत."

"महिना-दीड महिना जाईल. तोवर तू काय करणार?"

"प्रेमला आहे. ती देते चिरून."

प्रेमला सकाळी भांड्यांना यायची. नाफडे त्या वेळी पर्वतीला फिरायला गेलेले असत. तिच्यावर जास्तीचं काम पडतंय, याची त्यांना टोचणी लागली. त्याच दिवशी त्यांनी नवं पातं कापायला घेतलं. गॅलरीतून कानशीचा आवाज सुरू झाला, की मंदाकिनीबाई आत रेडिओ मोठा करत.

"मला कधी बघायला मिळणार?" एकदा नाफड्यांनी श्रद्धाला विचारलं. "म्हणजे तू तिथे कशी मांडणार आहेस ते?"

"जपानहून आल्यावर काका. तेव्हा इथे मोठं प्रदर्शन करू. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवते." आणि मोबाइल वाजल्यासारखं करून ती खोलीत गेली.

नाफड्यांना वाटलं, पोरीला आपल्याला चकित करायचं असणार. विळीशेजारी आपलं नावही लावलं असेल. त्यांनी ते विचारलं नाही. असं विचारायची त्यांना लाज वाटे.

एका शनिवारी बिवलकर पेपर घेऊनच आले. "वाचलंत? टोकियोला जाणाऱ्या मुलांचं काम आज कॉलेजात मांडलंय. 'सर्वांसाठी खुले.' आता सर्वांत तुम्ही येता की नाही, ते तुमच्या पाहुणीला विचारा."

पाहुणी सकाळीच गेली होती. नाफड्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

"कुठे निघालात?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"बोहरी आळीत. बोल्ट आणायचाय नव्या विळीला."

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी जिन्यात दोनदा मागे वळून पाहिलं. परत येताना बायकोसाठी काय न्यावं, याचाही ते विचार करत होते. कॉलेज कर्वे रस्त्याच्या पुढे, टेकडीच्या अंगाला. बसमध्ये उभ्यानेच त्यांनी मनात दोन वाक्यं जुळवून ठेवली. कुणी विचारलंच, तर म्हणायचं, "मी काही डिझायनर नाही. टूलरूमचा माणूस."

हॉल थंड होता आणि पोरं हळू आवाजात बोलत होती. श्रद्धाचं काम कोपऱ्यात होतं. नाफड्यांना आधी विळीच दिसली. पांढऱ्या चौथऱ्यावर, दिव्याच्या झोतात. त्यांनी घासलेलं पातं असं चमकत होतं की त्यांना छातीत भरून आलं. मग त्यांनी खालची पाटी वाचली. इंग्रजीत होती, पण सोपी होती. 'आधी', एवढंच तिच्यावर लिहिलं होतं.

शेजारच्या चौथऱ्यावर आणखी एक विळी होती. ठेंगणी, बसून वापरायची. पातं वरून दाबायचं नव्हतं, लाटण्यासारखं पुढे ढकलायचं होतं. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'नंतर'.

भिंतीवर टीव्ही चालू होता. त्यात चेहरा नव्हता, नुसते हात होते. मांडीत मिटलेली एक मूठ, आणि विळीच्या दांड्यावर हिरव्या बांगडीचा डावा हात. बांगडी नाफड्यांनी ओळखली. खाली दोन ओळी धावत होत्या, एक इंग्रजी आणि एक जपानी. आवाज घरातलाच होता.

"इथं दुखतं. अंगठ्याच्या मुळाशी. दाबलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते."

"कधीपासून, काकू?" हा श्रद्धाचा आवाज.

"पहिल्या दिवसापासून. अगं, ती त्यांच्या हाताची आहे. त्यांच्या उंचीची. मला टाचा उचलाव्या लागतात."

"काकांना सांगितलं नाही?"

मंदाकिनीबाई हसल्या. ते हसू नाफड्यांनी घरात बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

"कारखाना सुटल्यावर हे दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. बोलायचे नाहीत, जेवायचे नाहीत. विळी करायला घेतली, तेव्हा कुठे माणूस उठून उभं राहिलं. आता त्या माणसाला म्हणू, की दुखतं? बोलायचं कसं?"

"मग रोजची भाजी?"

"प्रेमला चिरून देते, हे पर्वतीवर गेले की. मी झाकून ठेवते."

"आणि पाहुणे आले की?"

"तेवढी एक काकडी चिरते. एका काकडीनं काही मरत नाही माणूस."

फिल्म संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दोन पोरी नाफड्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "सो स्वीट ना, आजी?" त्यांतली एक म्हणाली. नाफडे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज ऐकला नाही, फक्त हात पाहिला. दांडा खाली जाताना मनगट बाहेरच्या बाजूला मुरडत होतं. दर चिरेला. ते कळायला टूलरूम लागत नव्हती. इतकी वर्षं ते त्या हातापासून वीतभर अंतरावर उभे राहून पाहुण्यांना पात्याचा कोन सांगत होते.

जे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं नव्हतं, ते आता टोकियोत कुणालाही वाचता येणार होतं.

"काका?"

श्रद्धा समोर उभी होती. हातातला पाण्याचा ग्लास तिने घट्ट धरला होता. "तुम्ही... तुम्ही कसे आलात?"

"बसने."

"काका, मी सांगणार होते. आल्यावर."

"म्हणजे तिकडच्या सगळ्यांना सांगून झाल्यावर."

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकूंनी शपथ घातली होती. त्या म्हणाल्या, तिकडे दाखव, तिकडे आपल्या ओळखीचं कुणी नाही. हे इथलं प्रदर्शन ऐन वेळी ठरलं हो. पेपरात सरांनी दिलं. मी त्यांना नको म्हटलं होतं."

"विळी जपानला जातेय, असं मला सांगितलंस तेव्हा कुणी शपथ घातली होती?"

श्रद्धाने चौथऱ्यावरच्या विळीकडे पाहिलं.

"मी पातं घासून दिलं," नाफडे म्हणाले. "कुणाकुणाला माहीत होतं?"

"प्रेमलाताईंना. आणि... बिवलकर काकूंना."

"बिवलकरांना?"

"नाही. त्यांना नाही."

नाफड्यांनी मान हलवली. एवढ्या सगळ्यात बिवलकरच तेवढे आपल्या बाजूचे निघावेत, याचं त्यांना हसूही येईना.

नव्या विळीशेजारी लोकांनी चालवून पाहावी म्हणून भाजीची टोपली ठेवली होती. त्यातही काकडीच होती. नाफडे तिथल्या खुर्चीवर बसले, काकडी खिळ्यांवर बसवली आणि उजवा हात पाठीमागे घेतला. कुणी बांधायला सांगितला नव्हता. डाव्या हाताने त्यांनी मूठ धरली आणि पुढे ढकलली. पातं लोण्यातून गेल्यासारखं गेलं. काप पातळ पडले. पण मूठ त्यांच्या पंजाला फार लहान होत होती. दोन बोटं बाहेरच राहत होती.

"मूठ कुणाच्या मापाची घेतलीस?"

"काकूंच्या," श्रद्धा हळूच म्हणाली. "ओल्या मातीचा गोळा दाबायला दिला होता त्यांना. त्याच्यावरून घेतली."

त्यांनी ती मूठ उलटसुलट करून पाहिली, जिथल्या तिथे ठेवली आणि ते उठले.

"बरी झालीय," ते म्हणाले.

"काका, मी येऊ का तुमच्याबरोबर? रिक्षा बघते."

"तुझं प्रदर्शन चालू आहे. उभी राहा इथे. लोक विचारतील."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली, तरी ते बसले नाहीत. बायको आपल्याशी खोटं बोलली, याचा राग त्यांना करता येत होता. श्रद्धाचा करता येत होता. प्रेमलाचासुद्धा. रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर ते श्वास घ्यायला थांबत, तेव्हा इकडे घरात घाईघाईने भाजी चिरली जात असेल. आणि मग त्यांनी जेवताना म्हणायचं, "आज काप छान पडलेत हं," आणि तिने म्हणायचं, "पातंच तसं आहे." पण आपल्या त्या भिंतीकडे बघत बसण्याचं काय करायचं, हे त्यांना समजत नव्हतं. आपण आजारी बायकोला सांभाळलं, या एका गोष्टीवर त्यांनी कारखान्यानंतरची सगळी वर्षं काढली होती. ती गोष्टच कुणीतरी ओट्यावरून उकलून नेली होती.

घरी बिवलकर येऊन बसले होते. मंदाकिनीबाई चहाचा एकेक कप डाव्या हाताने आणून ठेवत होत्या.

"मिळाला का बोल्ट?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बोहरी आळीत बोल्ट नाही?" बिवलकर म्हणाले. "मग तुळशीबागेत भांडीही नसतील आज. बरं, काय नाफडे, पाहिलंत का जाऊन? का पहिल्या रांगेचीच वाट बघताय?"

"राहिलं जायचं."

मंदाकिनीबाईंनी एकदा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

"हे बरंय. विळी जपानला, आणि आम्ही इथे उपाशी. जपान्यांना काकडी आणि शेजाऱ्यांना नुसता चहा! दुसरी कधी होतेय?"

"दुसरी नाही करत."

मंदाकिनीबाई कप हातात घेऊन तिथेच थांबल्या.

"का हो? परवापर्यंत तुमची कानस आमच्या भिंतीतून येत होती. मी म्हटलं, हा माणूस आता आमच्यातून दार काढतो."

"हात दुखतो." नाफड्यांनी डावा हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने जागा दाखवली. "इथं. अंगठ्याच्या मुळाशी. दाबलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते."

बिवलकरांनी चहाचा घोट घेतला.

"आणि हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला नाहीत ते? कमाल आहे. घरात सांगायचं ना माणसाने!"

नाफड्यांनी बिवलकरांकडे पाहिलं नाही. "बोलायचं कसं?" ते म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला. त्या वळल्या आणि आत गेल्या. जाताना पाय किंचित ओढला गेला, जसा पहिल्या वर्षी ओढला जायचा. आत फ्रिज उघडल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही. बिवलकर नव्या उड्डाणपुलाबद्दल काहीतरी कुत्सित बोलत होते. नाफडे हो हो म्हणत होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या हातात ताटली होती. ताटलीत एक अख्खी काकडी आणि सुरी. ती त्यांनी बिवलकरांपुढे ठेवली नाही. नाफड्यांपुढे ठेवली.

"तुम्ही चिरा," त्या म्हणाल्या.

"वा! आज प्रयोगात नट बदलला," बिवलकर म्हणाले.

मंदाकिनीबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. मिटलेली मूठ त्यांनी मांडीत घेतली आणि तिच्यावर डावा हात ठेवला. नाफड्यांनी सुरी उचलली. काकडी ताटलीत घरंगळत होती, ती त्यांनी दुसऱ्या हाताने धरली. काप पडू लागले. एक जाड, एक पातळ, एक अर्धवट तुटलेला. ते सगळे चिरून होईपर्यंत त्या कापांकडेच बघत राहिल्या. नाफड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मीठ राहिलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

पण त्या उठल्या नाहीत, आणि नाफड्यांनीही आणलं नाही. बिवलकरांनी एक काप उचलून तसाच तोंडात टाकला.